१८० मीटरचा रस्ता आणि मोजमाप पुस्तिकेचं एक पान

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं दोनेक हजार वस्तीचं गाव, नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. मारुती मंदिरापासून बसथांब्यापर्यंतचा अंतर्गत रस्ता सिमेंट काँक्रीटचा करायचं ठरलं. पैसा पंधराव्या वित्त आयोगाचा, त्यातल्या अबंधित निधीतला. या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळतात. ग्रामपंचायतीच्या वाट्यातला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावा लागतो. रस्त्याला पैसे निघतात ते उरलेल्या अबंधित भागातून, म्हणून छोट्या गावासाठी असं एक काम म्हणजे वर्षाचं मोठं काम असतं.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये झालं आणि ३१ मार्चच्या आत अंतिम देयकही निघालं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बसथांब्याकडच्या टोकाला कडा तुटल्या, उतार उलटा पडल्यामुळे पाणी रस्त्याकडेच्या किराणा दुकानात शिरलं. दुकानदाराने ग्रामसेवकांना विचारलं. (आता या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी आहे. गावात त्यांना भाऊसाहेबच म्हणतात.) उत्तर मिळालं, "काम अंदाजपत्रकाप्रमाणे झालंय, वरून तपासणी झालीये." दुकानदार, गावातला एक सेंट्रिंगचं काम करणारा आणि एक निवृत्त शिक्षक अशा तिघांनी पुढचं प्रकरण चालवलं. अर्ज दुकानदाराच्या नावाने गेले, म्हणून यापुढे त्यांना अर्जदार म्हणू.

अडचण नेमकी काय होती

तिघांच्या मनातली तक्रार एकच: काँक्रीट पातळ टाकलंय. सेंट्रिंगवाल्याने तुटलेल्या कडेला पट्टी लावून पाहिली तर कुठे दहा, कुठे अकरा सेंटिमीटर भरत होतं. मात्र अंदाजपत्रकात जाडी किती धरली होती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कामाचा फलक लावलेला नव्हता. कंत्राटदाराचं नाव तोंडी माहीत होतं, रक्कम ऐकीव होती. गावात साडेचार लाखांपासून आठ लाखांपर्यंत आकडे फिरत होते.

हातात कागद नसताना केलेली तक्रार म्हणजे फक्त संशय. पंचायत समितीत अशा तक्रारीवर "संबंधितांचा खुलासा मागवला, काम समाधानकारक आहे" असं दोन ओळींचं उत्तर येऊन ती निकाली निघते. एकदा निकाली निघालेली तक्रार पुन्हा उभी करणं नव्याने करण्यापेक्षा जड जातं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, पुढची १५ ऑगस्टला होती. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तिथे प्रश्न विचारता येतो, ठराव घेता येतो. पण कागद नसले की सभेत आवाज ज्याचा मोठा त्याचंच खरं ठरतं.

दुसरा, थेट गटविकास अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार, किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन. याची अडचण वर आलीच आहे.

तिसरा, उपोषण आणि वर्तमानपत्र. सेंट्रिंगवाल्याला हाच पटत होता. उपोषण सोडवायला लेखी आश्वासन मिळतं, चौकशी समिती जाहीर होते. पण समितीने काय मोजायचं हे उपोषणकर्त्याला सांगता आलं नाही, तर समिती काम "पाहून" परत जाते.

चौथा, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. निवृत्त शिक्षकांनी याचा आग्रह धरला आणि बाकीचे पर्याय कागद हातात येईपर्यंत राखून ठेवायचं ठरलं. हा क्रम योग्यच होता. चूक झाली ती पहिला अर्ज लिहिताना.

पहिला अर्ज: चौदा प्रश्न

जूनच्या मध्याला ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे भाऊसाहेबांकडेच, अर्ज गेला. त्यात चौदा मुद्दे होते. रस्त्याचं काम निकृष्ट का झालं? याला जबाबदार कोण? कंत्राटदारावर कारवाई कधी करणार? गेल्या पाच वर्षांत गावात आलेला सगळा निधी कुठे खर्च झाला? शिवाय पाणीपुरवठ्याच्या मोटारीबद्दल दोन प्रश्न.

मुदत संपायला दोन दिवस असताना उत्तर आलं: माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे, एकापेक्षा जास्त विषयांची आहे, सबब देता येत नाही.

उत्तर टोलवाटोलवीचं वाटलं तरी बरंचसं कायद्याला धरून होतं. अधिनियमातली 'माहिती' म्हणजे कार्यालयाकडे कोणत्याही स्वरूपात असलेलं साहित्य: नोंदी, आदेश, पत्रं, नमुने, प्रतिकृती वगैरे. 'का' या प्रश्नाचं उत्तर तयार करून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये हाच मुद्दा स्पष्ट केला: जे अभिलेखावर नाही ते नव्याने तयार करायला किंवा त्यावर मत द्यायला या कायद्याने सांगता येत नाही. त्यातच महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. अपील करायचं की नवा अर्ज? अपिलाला २० रुपये आणि निर्णयाला ३० दिवस, कारणं नोंदवून ४५ दिवसांपर्यंत. जिंकण्याची शक्यता कमी, आणि जिंकून मिळणार काय, तर "का" चं उत्तर. नवा अर्ज १० रुपयांत होता. त्यांनी अपील सोडून दिलं. तो महिना वाया गेला खरा, पण हट्टाने अपील केलं असतं तर आणखी दीड महिना गेला असता.

दुसरा अर्ज: कागदांची नावं

जुलैमध्ये शिक्षकांनी तालुक्याच्या गावी असलेल्या एका निवृत्त शाखा अभियंत्यांना गाठलं आणि विचारलं, "अशा कामात कागद कोणकोणते तयार होतात?" या प्रकरणातला सगळ्यात उपयोगाचा प्रश्न हाच ठरला. कामाचा प्रवास त्यांनी क्रमाने सांगितला. आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात नोंद, मग अंदाजपत्रक आणि त्याला तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम चालू असताना व संपल्यावर मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) नोंदी, त्यावरून देयक, देयकाचं प्रमाणक (व्हाउचर), रोकडवहीत नोंद, शेवटी पूर्णत्वाचा दाखला.

नव्या अर्जाचा विषय एक ओळीचा होता: 'मारुती मंदिर ते बसथांबा सिमेंट काँक्रीट रस्ता या कामाच्या अभिलेखांच्या प्रमाणित प्रती'. कालावधी म्हणून आर्थिक वर्ष लिहिलं. खाली सात कागदांची नावं: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची या कामाची सर्व पानं, अंतिम देयक व प्रमाणक, नमुना ५ च्या सर्वसाधारण रोकडवहीतलं संबंधित पान, पूर्णत्वाचा दाखला. नव्वदच्या आसपास शब्द. 'निकृष्ट', 'भ्रष्टाचार', 'जबाबदार' यातला एकही शब्द नाही. सेंट्रिंगवाल्याला अर्ज मिळमिळीत वाटला, पण माहितीच्या अर्जाला कारण द्यावं लागत नाही आणि रागही दाखवावा लागत नाही.

अर्ज हातोहात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. ३० दिवसांची मोजणी याच तारखेपासून होते, त्यामुळे पोच नसली की पुढच्या अपिलात पहिला वाद मुदतीचाच निघतो.

उत्तर मुदतीत आलं, अर्धंमुर्धं. अंदाजपत्रक, दोन मान्यता, कार्यारंभ आदेश, रोकडवहीचं पान आणि पूर्णत्वाचा दाखला मिळून २३ पानं. दोन रुपये पानाप्रमाणे ४६ रुपये भरून ती मिळाली. मोजमाप पुस्तिकेबद्दल लिहिलं होतं, "सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही." देयक आणि प्रमाणक नाकारलं होतं: कंत्राटदार त्रयस्थ पक्ष आहे, त्याने हरकत घेतली आहे.

मिळालेल्या कागदांवरून दोन गोष्टी कळल्या. जाडी १५ सेंटिमीटर धरली होती आणि लांबी १८० मीटर, रुंदी ३ मीटर. अंदाजपत्रकावरची तारीख काम सुरू होण्याच्या जवळपास दोन वर्षं आधीची होती. तारखेकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. सगळ्यांचे डोळे १५ सेंटिमीटरवर होते.

दोन आघाड्या

आता दुसरा निर्णय. "उपलब्ध नाही" या उत्तराचं काय करायचं?

कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर जनमाहिती अधिकाऱ्याने अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवायचा असतो आणि अर्जदाराला तसं कळवायचं असतं. भाऊसाहेबांनी ते केलं नव्हतं. यावर अपील होऊ शकत होतं. पण अपिलात फार तर "अर्ज वर्ग करावा" असा आदेश मिळाला असता आणि तिथून पुन्हा ३० दिवस. म्हणून ते अपील सोडून त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या. देयकाच्या नकाराविरुद्ध प्रथम अपील दाखल केलं, जोडपत्र 'ब' भरून, २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. या तालुक्यात ग्रामपंचायतींसाठी प्रथम अपिलीय अधिकारी म्हणून विस्तार अधिकारी (पंचायत) नेमलेले होते. त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडे स्वतंत्र अर्ज दिला, कारण मोजमाप पुस्तिका अभियंत्यांच्या ताब्यात असते, हे निवृत्त अभियंत्यांनी आधीच सांगितलं होतं. या अर्जात प्रतींच्या जोडीला तपासणी मागितली.

अर्ज करणारे बहुतेक जण फक्त झेरॉक्स मागतात. कलम २(ञ) मधला अधिकार त्याहून मोठा आहे: काम, कागदपत्रं आणि अभिलेख पाहणं, टिपणं-उतारे काढणं, आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंसुद्धा. प्रतीत तुम्ही मागितलेली पानंच येतात. तपासणीत आजूबाजूची पानंही दिसतात, आणि या प्रकरणात निकाल त्यानेच फिरवला.

मधल्या काळात १५ ऑगस्टची ग्रामसभा झाली. शिक्षकांनी एवढंच विचारलं, "सरपंचताई, रस्त्याची लांबी किती आणि जाडी किती, हे इतिवृत्तात लिहून घ्या." उत्तर आलं, "अंदाजपत्रकाप्रमाणे १८० मीटर, १५ सेंटिमीटर." ते इतिवृत्तात आलं. तक्रार करण्याऐवजी ग्रामपंचायतीचं म्हणणं नोंदवून घेतलं, ही चाल चांगली होती. तेव्हा ती फारशी कोणाच्या लक्षातही आली नाही.

अपिलाची सुनावणी सप्टेंबरच्या सुरुवातीला झाली. मुद्दा एकच होता. कलम ११ मधलं संरक्षण त्रयस्थ पक्षाने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीला आहे. मोजमापावरून कार्यालयाने मंजूर केलेलं देयक हा सार्वजनिक पैशाच्या खर्चाचा कागद, आणि कंत्राटदाराने हरकत घेतली म्हणजे माहिती आपोआप नाकारली असं होत नाही. हरकत विचारात घेऊन निर्णय अधिकाऱ्यानेच करायचा असतो. विस्तार अधिकाऱ्यांनी हे मान्य केलं, कंत्राटदाराचा बँक खाते क्रमांक कलम १० प्रमाणे झाकून बाकी प्रत द्यायला सांगितली.

इथे अर्जदाराने प्रती मोफत मागितल्या. मिळाल्या नाहीत, आणि ते बरोबर होतं. कलम ७(६) ची मोफत माहिती मुदत चुकल्यावर मिळते. मुदतीत दिलेला नकार चुकीचा ठरला तरी ते कलम लागत नाही. दंडाची मागणीही तशीच: दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये हा दंड कलम २० खाली फक्त माहिती आयोग लावू शकतो. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला तो अधिकारच नाही. सुनावणीची दहा मिनिटं अशा मागण्यांवर गेली की मुख्य मुद्दा मागे पडतो.

तपासणीचा दिवस

उपविभागाने तारीख आणि वेळ कळवली. तिघेही गेले. दारातच लिपिकाने सांगितलं, "काका, पेन इथं ठेवा. पेन्सिल आणलीय का?" हा खोडसाळपणा नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीनुसार तपासणीच्या वेळी टिपणासाठी पेन्सिलच नेता येते, म्हणजे मूळ कागदावर शाईची भर पडायला नको. पहिला तास मोफत, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये.

मोजमाप पुस्तिका ही कामाची जन्मनोंद. पानांना छापील क्रमांक, खाडाखोड केली तर शेजारी सही, आणि प्रत्येक बाबीसमोर नग, लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण. या कामाची काँक्रीटची ओळ अशी होती: १ × १८०.०० × ३.०० × ०.१५ = ८१.०० घनमीटर. खाली कनिष्ठ अभियंत्याची सही, त्याखाली उपअभियंत्याची तपासणीची सही.

सेंट्रिंगवाला पान पाहून म्हणाला, "पूर्ण रस्ता एकाच मापात? कुठंच रुंदी कमीजास्त नाही?" जाग्यावर खरोखर टेप लावलेल्या मोजणीत आकडे इतके गोल येत नाहीत. गावातल्या रस्त्यात कुठे ओटा पुढे आलेला असतो, कुठे विजेचा खांब, तिथे रुंदी २.८० होते, कुठे ३.१० होते. म्हणून अशी मोजणी तुकड्यातुकड्याने नोंदवतात. सगळी लांबी एका ओळीत आणि दोन दशांश शून्य, म्हणजे आकडे अंदाजपत्रकातून उतरवल्याची दाट शक्यता. मात्र ही शक्यताच, पुरावा नव्हे.

पुरावा चार पानं आधी सापडला. त्याच पुस्तिकेत, त्याच रस्त्यावरचं आधीचं एक काम होतं: आमदार निधीतून मारुती मंदिरासमोर २८ मीटर काँक्रीट. ते काम गावाला माहीत होतं, त्याचा फलकही मंदिराच्या भिंतीवर होता, पण नव्या रस्त्याशी त्याचा संबंध कोणी लावला नव्हता. दोन्ही नोंदींचा आरंभबिंदू एकच होता: मारुती मंदिर.

अंदाजपत्रकाची ती जुनी तारीख आता बोलू लागली. अंदाजपत्रक झालं तेव्हा मंदिरासमोर कच्चा रस्ता होता, म्हणून लांबी १८० मीटर धरली. मधल्या काळात आमदार निधीतून पहिले २८ मीटर झाले. अंदाजपत्रक मात्र कोणी सुधारलं नाही. कंत्राटदाराने जुन्या काँक्रीटच्या टोकापासून पुढे काम केलं, आणि मोजमाप मंदिरापासून नोंदवलं गेलं.

दोन्ही कामांच्या पानांच्या प्रमाणित प्रती त्याच दिवशी मागितल्या.

जाडी सोडून लांबी धरली

गावात आल्यावर तिघांत मोठा वाद झाला, आणि तो प्रकरणातला तिसरा निर्णय. सेंट्रिंगवाल्याचं म्हणणं, खरा घोटाळा जाडीत आहे, तक्रार त्याचीच करू. हिशोबाने तो चुकत नव्हता. १५ ऐवजी सरासरी ११ सेंटिमीटर भरलं असेल तर १५२ मीटरमध्ये अठरा घनमीटरच्या वर काँक्रीट कमी पडतं. लांबीतला फरक २८ × ३ × ०.१५, म्हणजे १२.६ घनमीटर.

पण जाडी सिद्ध करायला रस्त्यातून यंत्राने गाभा काढून मोजावा लागतो, तोही अनेक जागी. तुटलेल्या कडेवरची पट्टी पुरावा म्हणून चालत नाही, कारण कडेला साचा नीट बसला नाही तर तिथे काँक्रीट पातळ होतंच, आणि अभियंता नेमकं तेच सांगतो. उलट लांबी टेप लावून पाच मिनिटांत, सगळ्यांदेखत सिद्ध होते. जुन्या-नव्या काँक्रीटमधला सांधा आणि रंगातला फरक डोळ्यांना दिसत होता. त्यांनी लांबी धरली.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव झाला: उपअभियंत्यांनी ग्रामस्थांच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी करावी. सरपंचताईंनी विरोध केला नाही. १८० मीटर हा त्यांचा आकडा नव्हताच, तो त्यांना वरून आला होता, आणि मोजणीत ग्रामपंचायतीचे पैसे परत येण्याची शक्यता होती. तक्रारीत 'सरपंचांनी पैसे खाल्ले' असं लिहिलं असतं तर हा ठराव मिळाला नसता.

ठरावाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची दोन्ही पानं आणि ऑगस्टच्या इतिवृत्ताचा उतारा जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे एक पानी तक्रार गेली. प्रती मुख्य कार्यकारी अधिकारी आणि बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना. मागण्या दोनच: संयुक्त मोजणी, आणि तिचा निकाल लागेपर्यंत कंत्राटदाराची सुरक्षा अनामत परत करू नये. दुसरी मागणी निवृत्त अभियंत्यांनी सुचवली होती. दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की अनामत परत जाते. त्यानंतर वसुली म्हणजे नोटिसा, स्मरणपत्रं आणि वर्षानुवर्षांचं थकीत येणं. अनामत हातात असेल तर वसुली एका समायोजनात होते.

निष्पत्ती

नोव्हेंबरमध्ये मोजणी झाली. मंदिरापासून सांध्यापर्यंत २८ मीटर, सांध्यापासून बसथांब्यापर्यंत १५२ मीटर. पंचनाम्यावर उपअभियंता, भाऊसाहेब, सरपंचताई आणि पाच ग्रामस्थांच्या सह्या. १२.६ घनमीटर काँक्रीट आणि त्याखालच्या थराची जादा दिलेली रक्कम, पाऊण लाखाच्या वर, कंत्राटदाराच्या अनामतीतून ग्रामपंचायतीच्या खात्यात वळती झाली. कनिष्ठ अभियंत्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. त्याचा खुलासा असा होता की अंदाजपत्रक जुनं असल्याने मोजमापात अनवधानाने पूर्ण लांबी आली. हेतू होता की निष्काळजीपणा, याचा निर्णय झाला नाही. तपासणीची सही करणाऱ्या उपअभियंत्याबद्दल काहीच झालं नाही, आणि मोजणीही त्यांनीच केली, ही या प्रकरणातली उघड विसंगती आहे.

जाडीचा प्रश्न तसाच राहिला. तिघांनी उपविभागाच्या अर्जात काँक्रीटचा प्रमाणित नमुनाही मागितला होता. "नमुना काढण्याची सुविधा उपलब्ध नाही" असं उत्तर आलं, त्यावर अपील केलं नाही. तुटलेल्या कडा कंत्राटदाराने दोष दायित्वाखाली दुरुस्त करून दिल्या. दुकानात शिरणाऱ्या पाण्यासाठी वेगळी नाली लागणार होती, ती पुढच्या वर्षीच्या आराखड्यात गेली.

काय वेगळं करता आलं असतं

अर्ज करण्याआधी घरबसल्या मिळणारी माहिती पाहायला हवी होती. वित्त आयोगाच्या निधीतला ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर प्रमाणकनिहाय दिसतो. कामाची रक्कम आणि पैसे निघाल्याची तारीख तिथे जूनमध्येच मिळाली असती, आणि गावातला साडेचार की आठ लाख हा वाद तिथेच मिटला असता. मोजमाप मात्र तिथे दिसत नाही, त्यामुळे पुढचे अर्ज टळले नसते.

सोमवारची सोयही वापरली गेली नाही. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा व त्याखालच्या स्तरावरील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता यावेत, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात अनेक कार्यालयांत "साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या" हेच ऐकू येतं. तरीही एक फेरी मारण्यासारखी होती. पुस्तिका कोणत्या कपाटात आहे एवढं कळलं असतं तरी "उपलब्ध नाही" या उत्तरातला महिना वाचला असता.

नमुन्याच्या नकारावर २० रुपयांचं अपील करायला हरकत नव्हती. नमुने घेण्याचा अधिकार कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. खर्च कोणी करायचा, रस्त्याला पडलेलं भोक कोणी बुजवायचं, याची भांडणं निघाली असती हे खरं. पण त्याहून सोपा मार्ग चुकला तो आधीच. काँक्रीट टाकताना चाचणीसाठी ठोकळे भरून त्यांची ताकद प्रयोगशाळेत तपासली जाते. त्या अहवालाची प्रत कागदांच्या यादीत आठवी म्हणून घालता आली असती. अहवाल मिळाला असता तर काँक्रीटच्या दर्जाबद्दल काही कळलं असतं. "असा अहवाल नाही" असं उत्तर आलं असतं तर चाचणीशिवाय देयक कसं निघालं, हा मुद्दा जाडीपेक्षा भक्कम ठरला असता.

संयुक्त मोजणी दुसऱ्या उपविभागाच्या किंवा गुणनियंत्रणाच्या अभियंत्याकडून व्हावी, ही मागणी ठरावातच घालायला हवी होती. ज्याची सही पुस्तिकेत आहे त्यानेच फेरमोजणी करणं लांबीच्या बाबतीत निभावलं, कारण टेपला मत नसतं. दर्जाचा प्रश्न असता तर निभावलं नसतं.

राज्य माहिती आयोगाकडचं द्वितीय अपील, ज्याला ९० दिवसांची मुदत असते, त्यांनी केलं नाही. हा निर्णय वादाचा आहे. अर्ज वर्ग न केल्याबद्दल भाऊसाहेबांवर दंड होण्याची शक्यता होती, पण आयोगाकडे प्रलंबित प्रकरणांचा ढीग पाहता सुनावणी येईपर्यंत अनामत परत गेली असती आणि भाऊसाहेबांची बदलीही झाली असती. तोवर पंचनाम्यावरची त्यांची सही, जी या प्रकरणात कामाला आली, मिळण्याचं कारण उरलं नसतं.

आणि कामाचा फलक. कामाचं नाव, निधी, रक्कम, लांबी-रुंदी, कंत्राटदार आणि दोष दायित्वाची मुदत एवढं लिहिलेला फलक काम सुरू होतानाच मागितला असता, तर मंदिराच्या भिंतीवरचा २८ मीटरचा फलक आणि त्याशेजारचा १८० मीटरचा फलक एकत्र वाचणाऱ्या कोणाच्याही ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. नालीच्या कामाच्या वेळी ग्रामसभेने फलकाची अट ठरावात घातली, आणि अंदाजपत्रक मंजुरीआधी त्याच आर्थिक वर्षात जागेवर जाऊन पुन्हा तपासावं, हेही त्यात लिहिलं.